चहाचं वाक्य

एक बूट निघाला होता आणि दुसऱ्याच्या नाडीला गाठ बसली होती. दारातल्या स्टुलावर बसून तो ती गाठ नखाने उकरत होता, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला. ती तिच्या ताईशी फोनवर बोलत होती. "अगं, बावीस वर्षं एका घरात राहिलो," ती म्हणाली, "पण ओळख अजून प्राथमिकच आहे." आणि हसली. पलीकडे ताईही हसली असावी, कारण नंतर बराच वेळ दोघींचं तेच चाललं होतं.

तो नाडीवर बोट ठेवून तसाच बसून राहिला. बायका बहिणींपाशी नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगतात यात नवल काही नाही. नाहीतर बहिणी हव्यात कशाला? त्याला बोचलं ते वेगळंच. हे वाक्य त्याने त्याच दिवशी दुपारी वाचलं होतं. छापलेलं. कोशाच्या प्रुफांत, 'प्राथमिक' या शब्दाखाली, तिसऱ्या अर्थाचं उदाहरण म्हणून. शब्दाला शब्द, बावीसला बावीस. वाचून तो खूश झाला होता, समासात पेन्सिलीने 'छान' असंही लिहून गेला होता. त्या वेळी ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं होतं खरं, पण चांगलं उदाहरण दिसलं की त्याला तसं वाटायचंच, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आणि आता तेच वाक्य त्याच्याच घरातून, त्याच्याच बायकोच्या तोंडून आलं होतं.

"आलात?" ती बाहेर येऊन म्हणाली. "चहा ठेवते."

"कोणाशी बोलत होतीस?"

"ताईशी. तुम्हाला विचारलंय तिने."

तिने नजर चुकवली नाही, गडबडली नाही, फोन पदराआड लपवला नाही. माणूस चोरी करताना पकडला गेला की निदान खाकरतो तरी. हिला काही नाहीच. मग त्याच्या मनात पाल चुकचुकली ती इथेच: एवढं निवांत राहायला सराव लागतो.

तो शब्दकोशाच्या कचेरीत होता. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, उंच छत, लोखंडी कपाटं, आणि सात माणसं, ज्यांना जगात दुसरं काहीही करता आलं नसतं. सगळ्यांत वर मुख्य संपादक, त्यांना सगळे 'आजोबा' म्हणत. आजोबा कोणाचेच नव्हते, लग्नच केलं नव्हतं. कोश 'प' पर्यंत आला होता आणि प्रुफं पुढच्या आठवड्यात छापखान्यात जायची होती. प्रुफं कचेरीबाहेर न्यायची नाहीत असा दंडक होता. बायको तर कचेरीत कधी फिरकलीच नव्हती. एकदा त्याने आग्रह केला तेव्हा म्हणाली होती, "नको बाई. तुमच्या तिथे तोंड उघडायची भीती वाटते. कोण काय उचलून नेईल नेम नाही." तेव्हा तो हसला होता. म्हणजे वाक्य प्रुफावरून तिच्याकडे आलेलं नव्हतं. मग उरलं काय? तिच्याकडून ते प्रुफात गेलं होतं. कोणाच्या तरी कानावाटे.

हा कान कोणाचा, हे शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. कचेरीत एक जुनी रीत होती. दुपारच्या चहाला प्रत्येकाने एक ऐकलेलं वाक्य आणायचं. न्हाव्याच्या दुकानात ऐकलेलं, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, कुठलंही. पुस्तकातलं चालायचं नाही. कपातून वाफ येत असताना ते मोठ्याने म्हणायचं, आणि ज्याच्या शब्दाला ते लागू पडेल त्याने उचलायचं. नियम एकच. वाक्य कोणाचं हे सांगायचं नाही, आणि कोणी आणलं हेही नंतर काढायचं नाही. फार पूर्वी एकाच्या शेजारणीने कोशात स्वतःचं सासूबद्दलचं वाक्य वाचलं होतं आणि दोन घरांत महाभारत झालं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. "वाक्याला आईबाप नसतात," आजोबा म्हणत. "सांगा आणि विसरा." ह्या विसरण्याचा सगळ्यांना सराव झाला होता. त्याला तर सगळ्यांत जास्त. वाक्य दिलं की डोकं पाटीसारखं पुसलेलं, उद्याच्यासाठी मोकळं.

'प्रा'चे शब्द त्याच्या समोरच्या टेबलावर होते, स्वल्पविरामाकडे. हे त्या गृहस्थाचं नाव नव्हे, कचेरीने ठेवलेलं. बोलताना तो मध्येच थांबायचा. तुम्ही काही विचारलंत की आधी थांबायचा, तुमच्या तोंडाकडे बघायचा, मग उत्तर द्यायचा, आणि उत्तराच्या मध्येही एकदा थांबायचा. विधुर, टापटिपीचा, केस जरा कानावर येऊ दिलेले, इस्त्री मोडेल म्हणून जपून बसणारा. असल्या माणसाबद्दल कोणी वाईट बोलत नाही, आणि म्हणूनच आता त्याला वाटलं की असल्याच माणसांवर लक्ष ठेवायला हवं होतं.

त्या रात्री जेवताना तो बायकोकडे बघत होता. ती डाव्या हाताने पाण्याचा पेला फिरवत होती, ही तिची सवय नवीन होती की जुनी? त्याला आठवेना. कोशात प्रत्येक शब्दाला पहिली नोंद असते, हा शब्द पहिल्यांदा कधी दिसला. बायकोच्या पेला फिरवण्याची पहिली नोंद त्याच्याकडे नव्हती. तिने कपाळावरचे केस आखूड केले होते. हे कधी? हल्ली बाहेर जाताना ती पायांत नवे बूट घालत होती, जाड तळव्यांचे, दूर चालण्याचे. ते कधी आणले? ही बाई आपल्या हातातून चाललीय, असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि विचारायचं मात्र धाडस होईना. विचारलं तर ती सांगेल, आणि तिने सांगितलं की ते खरं होईल. त्यापेक्षा आपणच पुरावे गोळा करावेत आणि मग तिच्यापुढे ठेवावेत. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. पुराव्याशिवाय शब्दाला हात लावला नव्हता.

पुरावे घरात हवे तेवढे सापडले. म्हणजे सापडले कसले, समोर येऊन बसले. कपाटावरची मोठी बॅग खाली आली होती आणि पलंगाखाली नव्हे, चक्क खोलीच्या मधोमध होती. येता-जाता त्याचा पाय लागायचा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. मीठ. साखर. चहा. "मीठ आणि साखर मलाही ओळखू येतात," तो जरा फणकाऱ्याने म्हणाला. "बघू ना," ती म्हणाली. तिने त्याला कपडे धुण्याच्या मशिनपाशी उभं केलं आणि बोट धरून बटणं दाखवली: आधी हे, मग हे, पांढरे वेगळे, आणि खिसे बघायचे, तुमच्या खिशात कागद असतात. गॅस कसा बंद करायचा ते दाखवलं. दूधवाल्याशी त्याची ओळख करून दिली, जणू दोन देशांचे राजदूत भेटत होते. "रविवारपर्यंत एवढं शिकून घ्या म्हणजे मला काळजी नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरचा दोरा काढला.

रविवार! त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. अपराधी माणूस मायाळू होतो, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. चहालाच ऐकलं असावं. ताकाला जाऊन भांडं लपवतात लोक, आणि ही भांडं वाजवत ताकाला निघाली होती. एवढा उघडेपणा कोण करतं? ज्याला पक्कं माहीत असतं की समोरच्याला काही दिसत नाही, तोच. ह्या विचाराने त्याला सगळ्यांत जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी तो प्रुफं पुढ्यात घेऊन बसला, पण 'प्राथमिक'च्या पुढे सरकेना. शब्द तसा गरीब. पहिला अर्थ, सुरुवातीचा. दुसरा, पायाचा, ज्याच्याशिवाय पुढचं उभं राहत नाही. तिसरा, साधा, वरवरचा, न वाढलेला. प्राथमिक शाळा. त्याची शाळा म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर प्रथमोपचाराची पांढरी पेटी, आणि पेटीत लाल औषधाची एक बाटली, बस्स. गुडघा फुटला तरी तेच, दात दुखला तरी तेच. एकदा तो दिवसभर रडत होता, कशासाठी ते आता आठवत नव्हतं, आणि मास्तरांनी त्याच्या कोपरावर, जिथे काहीच झालं नव्हतं तिथे, लाल औषध लावलं होतं. आणि रडू थांबलं होतं. पोलीस प्राथमिक तपास म्हणतात तेव्हा पुढे आणखी काहीतरी निघणार असं सुचवतात. डॉक्टर प्राथमिक अवस्था म्हणतो तेव्हा धीर देतो की घाबरवतो? आजोबांशी त्याचा ह्यावर वाद झाला होता. त्याचं म्हणणं, जे सुरुवातीचं आहे त्याला उथळ का म्हणायचं? सुरुवात म्हणजे काय गुन्हा आहे? आजोबा म्हणाले होते, "सुरुवात गुन्हा नाही हो. तिथेच बसून राहणं गुन्हा." सगळे हसले होते. तोही हसला होता. आता त्याला तिसऱ्या अर्थाखालचं ते उदाहरण बघवेना आणि त्यावरची स्वतःची 'छान' ही अक्षरं तर त्याहून बघवेनात. त्याने रबराने ती खोडली. कागदावर काळपट डाग राहिला.

समोरून स्वल्पविराम त्याच्याकडे बघत होता. तोंडाकडे, नेहमीसारखा.

"काय हो?" तो म्हणाला.

स्वल्पविराम थांबला. मग म्हणाला, "वहिनींची... झाली का तयारी?"

त्याच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत गेली. कसली तयारी? ह्याला कोणी सांगितलं? आणि विचारतोय कोणाला, मला? तो "हो, चाललंय" असं काहीतरी पुटपुटला, आणि स्वल्पविरामाने समजूतदारपणे मान हलवली. ती मान हलवणं त्याला दिवसभर पुरलं.

त्या दुपारी तो दात दुखतोय असं सांगून लवकर निघाला, कारण स्वल्पविरामानेही रजा टाकली होती. दोन चौक मागे राहून तो त्याच्या इस्त्रीच्या पाठीमागे चालला. आपण हे काय करतोय, असं त्याला एका चपलांच्या दुकानाच्या काचेत स्वतःला बघून वाटलंही. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात छत्री, आणि खांबाआड उभा. पण पाय थांबेनात. स्वल्पविराम बाजारपेठ ओलांडून गेला, औषधाच्या दुकानावरून वळला, आणि सरळ त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला जिथे त्याची बायको काम करत होती.

ती कान तपासायची. ऐकू कमी येणाऱ्यांना यंत्रं बसवायची. दवाखान्याचं दार काचेचं होतं, आणि तिची खोली पडद्याआड असायची, पण पडदा अर्धाच ओढलेला होता. त्याला दिसलं ते असं: स्वल्पविराम खुर्चीत बसलाय, डोळे मिटलेले. ती वाकून त्याच्या कानावरचे केस बाजूला करतेय. तिची बोटं त्याच्या गालाशी. मग ती मागे सरली, एक कागद तोंडापुढे धरला आणि त्याआडून काहीतरी बोलली. स्वल्पविराम डोळे उघडून हसला. त्याला त्याने इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. तिचं कामच ते, दिवसभर ती परक्या माणसांचे कान हातात घेते, हे त्याला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ठाऊक असणं एका खिशात आणि बघणं दुसऱ्या खिशात, अशी त्याची गत झाली. आणि मग हे दोघांनीही त्याच्यापासून लपवलं का?

"आज कोण कोण आलं होतं?" संध्याकाळी त्याने विचारलं.

"पेशंटची नावं मी घरात काढत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे ते."

हे खरं होतं. तरी त्याला ते ठरवून ठेवलेल्या उत्तरासारखं लागलं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. समोरच्या गच्चीत कोणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं, आणि त्या पांढऱ्या कापडांकडे बघताना त्याला तो कागद आठवला. तोंडापुढचा. बावीस वर्षांपूर्वी, नव्हे, त्याच्याही आधी, तो वडिलांना घेऊन तिच्याकडे गेला होता. ती नवी होती. ओठ बघून शब्द ओळखता येऊ नये म्हणून तिने कागद तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "काका, मी म्हणते ते परत म्हणायचं. पान." वडील म्हणाले, "पान." "कान." "दान," वडील म्हणाले. "मान." "काय?" वडील म्हणाले. आणि मागे उभा राहून तो प्रत्येक शब्द मनात बरोबर म्हणत होता, ती आवाज लहान करत गेली तरी, अगदी कुजबुजेपर्यंत. शेवटी तिने गमतीने त्यालाही खुर्चीत बसवलं. एकही चुकला नाही. "तुमचे कान शाबूत आहेत," ती म्हणाली होती. असं 'शाबूत' म्हणणारी मुलगी त्याला पुन्हा भेटली नसती. त्याने तो शब्द घरी नेला आणि महिन्याभरात तिलाही मागणी घातली. तेव्हाचे ते दिवस, एक खोली, एक शेगडी, एकच चांगली उशी आणि तिच्यावरून भांडण. तिला झोप लागण्याआधी बोलायची सवय होती. ती बोलायची, तो ऐकायचा. सगळं ऐकायचा तो, निदान त्याला तसं वाटत होतं. एखादा शब्द असा यायचा की तो उठून दिवा लावायचा, टिपून घ्यायचा, आणि परत येईपर्यंत ती झोपलेली असायची.

शनिवारी कचेरीत त्याचा बांध फुटला. चहा झाला, कप विसळले, आणि स्वल्पविराम जिन्यात उभा राहून रुमालाने चष्मा पुसत होता. त्याने त्याला तिथेच गाठलं. नियम मोडायचा हे ठरवूनच गेला होता.

"'प्राथमिक'चं तिसरं उदाहरण," तो म्हणाला. "बावीस वर्षंवालं. कोणाचं ते?"

स्वल्पविराम त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "हे... विचारायचं नसतं."

"मी विचारतोय. कुठे ऐकलंत? कोणाकडून?"

"अहो," स्वल्पविराम म्हणाला, आणि थांबला, आणि हे थांबणं त्याला असं काही असह्य झालं की त्याने त्याचं मनगट धरलं. "अहो, तुमचंच की ते. तुम्हीच आणलंत चहाला."

"मी?"

"तुम्हीच. आजोबा वा म्हणाले. तुम्ही कप खाली ठेवून दोनदा म्हणून दाखवलंत." त्याने हळूच मनगट सोडवून घेतलं, आजूबाजूला बघितलं, आणि कानावरचे केस मागे केले. आत एक इवलंसं कातडीच्या रंगाचं काहीतरी होतं. "मला विसरता यायचं नाही. वर्षानुवर्षं मी इथे ओठ बघून काम केलं. कोणाला सांगितलं नाही, कोशाच्या कचेरीत बहिरा माणूस, ठेवतील का? वहिनींनी हे बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी मी चहाला बसलो. पहिलं वाक्य, जे मी न बघता ऐकलं, ते तुमचं. मी म्हटलं, हे मीच घेणार." तो हसला, दवाखान्यात हसला होता तसाच. "त्या फार चांगल्या आहेत हो. आता रविवारनंतर नवीन बाई येणार म्हणाल्या, मला जरा धाकधूकच आहे. तुम्ही पोचवायला जाताय ना त्यांना?"

जिन्याच्या कठड्याला धरून तो उभा राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाही त्याचाच होता, वळसाही त्याचाच, आणि दवंडीही त्यानेच पिटली होती. हळूहळू त्याला दिसू लागलं. संध्याकाळ. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. ती घड्या घालतेय, आणि बोलतेय, बरंच बोलतेय, तिचे ओठ हलताहेत. मग ते वाक्य येतं. तो एकदम ताठ बसतो. "वा!" तो म्हणतो. "परत म्हण." ती त्याच्याकडे बघते. बराच वेळ बघते. आणि परत म्हणते, हळू, एकेक शब्द, जसं कानाला यंत्र लावलेल्या माणसाशी बोलावं. तो मान डोलावतो, ओठांतल्या ओठांत घोकतो, हरवू नये म्हणून. त्याच्या आधी ती काय म्हणाली? नंतर काय म्हणाली? तिथे काहीच नव्हतं. मूग गिळून बसलेली भिंत होती नुसती.

घरी आला तेव्हा ती बॅगेची चेन लावत होती आणि चेन अर्ध्यावर अडकली होती. त्याने बॅग दाबून धरली, तिने चेन ओढली. दोघं बॅगेच्या दोन बाजूंना बसले.

"तू जातेयस," तो म्हणाला.

"हो."

"मला आज कळलं."

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी... काय काय सांगितलं होतंस?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, आता ही उठून जाईल. ती उठली नाही. "इथेच," ती म्हणाली. "ह्याच पलंगावर. म्हटलं, मला बोलावणं आलंय. लांबच्या गावी लहान मुलांची शाळा आहे, जन्मापासून ऐकू न येणारी मुलं, यंत्र बसवल्यावर त्यांना आवाज म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. दार वाजलं तर रडतात. त्यांना अगदी पहिल्यापासून ऐकायला शिकवायचं. दोन वर्षं राहावं लागेल. म्हटलं, मला जावंसं वाटतंय, पण तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. म्हटलं, आपलंही काही फार चाललेलं नाहीये, बावीस वर्षं एका घरात राहिलो पण..." ती थांबली. "तर तुम्ही म्हणालात, वा, परत म्हण."

तो खाली बघत होता. बॅगेच्या कातड्यावर एक ओरखडा होता.

"मला वाटलं, लागलं ह्यांना. म्हणून परत म्हणायला लावताहेत. मला बरं वाटलं खरं सांगू? मी परत म्हटलं. तुम्ही मान डोलावलीत. मी तीन दिवस वाट बघितली, काही बोलाल म्हणून. तुम्ही काही नको म्हणाला नाहीत. मग होकार कळवला." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "त्या दिवशी ताईला सांगत होते तेव्हा तुम्ही दारात होतात. म्हटलं, आता तरी येतील आत."

"मला वाटलं, तुझं कोणाशी तरी..."

"कोणाशी?"

त्याने नाव सांगितलं नाही. पण तिला समजलं असावं, कारण ती एकदम हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "अरे देवा," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याबद्दल एवढा विचार केलात तुम्ही? आठवडाभर?"

"आता नको म्हटलं तर?" तो म्हणाला.

"आता त्या मुलांना कळवलंय."

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. किल्ली फिरवल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. तो उठला, स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणलं, आणि तिच्यापुढे त्यावर बसला, पाठ ताठ, हात मांडीवर. "माझे कान तपास," तो म्हणाला.

"तुमचे कान शाबूत आहेत. मीच तपासलेत."

"तरी तपास."

ती नको म्हणेल असं त्याला वाटलं. तिने इकडेतिकडे बघितलं, पलंगावरच्या पुठ्ठ्याच्या पाकिटातून गाडीच्या वेळांचा कागद काढला आणि तोंडापुढे धरला. फक्त डोळे दिसत होते. "मी म्हणते ते परत म्हणायचं," ती म्हणाली. "पान."

"पान."

"कान."

"कान."

"मान," ती म्हणाली, आवाज लहान करत. "दार. उशी." तो एकेक म्हणत गेला. मग ती थांबली. कागदाआडून श्वास ऐकू आला. आणि अगदी हळू, वडिलांना कधीच ऐकू आलं नसतं इतकं हळू, ती म्हणाली, "मी उद्या जातेय."

त्याचे ओठ हलले. वाक्य जिभेवर तयार होतं. ते त्याने तिथेच थांबवलं.

"तू उद्या जातेयस," तो म्हणाला. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "मला नको वाटतंय."

"असं नसतं म्हणायचं," ती म्हणाली. "जसंच्या तसं म्हणायचं असतं. हे चूक धरतात."

पण कागद तिने बराच वेळ तोंडापुढून काढला नाही.